आगळातला हॅडॉक

धुरी दिलेला हॅडॉक मासा मी तीन पाण्यांनी धुतला, त्याला हळद-मीठ चोळलं, तासभर कोकमाच्या आगळात बुडवून ठेवला आणि मग उकळत्या दुधात सोडला.

यात चूक कुठे झाली ते ज्यांना कळलं नाही, ते माझ्याच गावचे असणार. त्यांना माझा नमस्कार. ज्यांना कळलं, त्यांनी कृपा करून एवढ्यात हसू नये. पुढे बरंच आहे.

आधी समोरच्या बाईंबद्दल सांगायला हवं. ग्लासगोतल्या एका जुन्या दगडी इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मजल्यावर दोनच दारं, मधे थंडगार जिना. समोरच्या दारामागे या बाई एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, उंची बेताची, जीभ लांब. मूळच्या स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, मासेमारीच्या गावातल्या. वडील बोटीवर जायचे आणि आई धक्क्यावर मासे साफ करायची. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी त्यांनी दार उघडून आमचं सामान नीट पाहून घेतलं, माझ्या हातातला प्रेशर कुकर पाहिला आणि हा फुटला तर माझ्या भिंतीला काही होणार नाही ना, एवढं विचारून दार लावून घेतलं. त्या दिवसापासून माझ्या बायकोची आणि त्यांची मैत्री. माझ्याशी मैत्री वगैरे नाही. मला त्या 'डॉक्टर' म्हणतात, पण प्लंबर चांगला नसेल तर त्याला ज्या सुरात प्लंबर म्हणतात त्या सुरात.

गेल्या हिवाळ्यात बाई खालच्या दारापाशी बर्फावरून घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन छान झालं. मी आयुष्यभर इथल्या इस्पितळांत भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं असल्यामुळे त्यांचा एक्स-रे पाहून मत दिलं, जे कोणी विचारलं नव्हतं. सहा आठवड्यांनी बाई घरी आल्या, चालायला चौपायी फ्रेम मिळाली, सकाळ-संध्याकाळ मदतीला केअरर यायला लागली. सगळं व्यवस्थित. फक्त बाई जेवेनात. चहा आणि एक बिस्किट. फ्रेम भिंतीला टेकून उभी आणि बाई खिडकीपाशी खुर्चीत. दाराबाहेर पाऊल नाही.

दर शुक्रवारी नर्स येऊन वजन करायची. काटा दर शुक्रवारी थोडा खाली. बाईंचा मुलगा तिकडे लंडनजवळ क्रॉयडनला असतो, तिथल्या कुठल्याशा ऑफिसात. सज्जन माणूस आहे, रोज सहाला फोन करतो. त्याने आपल्या घरापासून पाच मिनिटांवरचं एक केअर होम बघून ठेवलं होतं. तिथे एक खोली रिकामी होती. अजून दोन शुक्रवार बघू, वजन आणखी उतरलं तर मी येऊन तुला घेऊन जाणार, असं त्याने आईला सांगून टाकलं. यात त्याला नाव ठेवण्यासारखं काही नाही. त्याच्या जागी मी असतो तर मी दोन शुक्रवारसुद्धा थांबलो नसतो.

बाईंना जायचं नव्हतं. रडारड करणाऱ्यांपैकी त्या नव्हेत. बायकोशी फक्त एकदा बोलल्या, तेही खिडकीकडे बघत. "क्रॉयडनला गेले होते मी. वाराच नाही तिथे."

बायकोने त्यांना खायला घालायचा विडा उचलला. वरणभात नेला, लापशी नेली, साबुदाण्याची खिचडी नेली. भांडी चाटूनपुसून परत यायची. बायको खूश. मीही कौतुक केलं की बघ, तुझ्या पुण्याच्या हाताला चव आहे. मग एका सकाळी मागच्या अंगणात कचरा टाकायला गेलो, तर बाईंच्या खिडकीखालच्या कुंपणाच्या भिंतीवर हंसाएवढा एक सीगल बसला होता आणि तिथे पडलेला साबुदाणा एकेक दाणा करून टिपत होता. नर्सने त्या आठवड्यात सीगलचं वजन केलं असतं तर क्रॉयडनचा माणूस निश्चिंत झाला असता.

बायकोने जाऊन सरळ विचारलं, तुम्हाला नक्की काय खावंसं वाटतंय ते सांगा. बाई म्हणाल्या, कलन स्किंक. म्हणजे त्यांच्याकडचं सूप. धुरी दिलेला हॅडॉक, बटाटा, कांदा आणि दूध. त्यांची आई करायची, मग त्या करायच्या. आता ओट्यापाशी उभं राहवत नाही. दुकानातलं डब्यातलं चालणार नाही, ते भिंतीला कागद चिकटवायला ठीक आहे.

मी तिथेच उभा होतो. कोणीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मी करतो."

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची आहे. याच नजरेने तिने मला वॉशिंग मशीन स्वतः दुरुस्त करतो म्हणताना पाहिलं होतं, आणि त्यानंतर खालच्या मजल्यावरच्या लोकांचं छत रंगवून द्यावं लागलं होतं. पण मी थांबलो नाही. मी बाईंना सांगितलं की मी रत्नागिरीचा. तुमच्यासारखाच समुद्राकाठचा. आमच्या घरी रक्तगट विचारला तर लोक बांगडा सांगतात. माशाला काय हवं ते मला त्याच्या डोळ्याकडे बघून कळतं. बाईंनी विचारलं, आधी कधी केलंय का. मी म्हणालो, मासा तो मासा.

खरी गोष्ट अशी की मी जन्मात मासा शिजवलेला नव्हता. घरी होतो तोवर आई करायची आणि मी ताटाशी बसायचो. मग मेडिकल कॉलेजची मेस, मग इथल्या इस्पितळांची कॅन्टीनं. मग लग्न झालं ते पुण्याच्या शुद्ध शाकाहारी घरात. बायकोने मासे खायला कधी ना केली नाही, पण बाहेर खा, आणि घरी आणलेच तर खिडक्या उघडा, भांडं वेगळं ठेवा आणि माझ्याशी बोलू नका, असा कायदा केला. म्हणजे माझं मत्स्यज्ञान हे सगळं खाणाऱ्याचं. विमानात खिडकीशी बसून बसून एखाद्याला आपण पायलट आहोत असं वाटावं, तसं.

त्यातून दूध. आमच्या घरी मासे खाल्ले की त्या दिवशी दुधाला शिवायचं नाही, नाहीतर अंगावर कोड उठतं, हे आईने आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. लहानपणी एकदा सुरमई खाऊन वर चोरून बासुंदी खाल्ली होती, तर आठ दिवस मी पोट उघडं टाकून आरशासमोर उभा राहायचो. पुढे डॉक्टर झालो, त्यात काही तथ्य नाही हे कळलं, आणि तरीही मी आजवर फिशफ्रायवर आइसक्रीम मागवलेलं नाही. आता तर मासा थेट दुधातच शिजवायचा होता.

मासळीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे धुरी दिलेला हॅडॉक दोन रंगांत होता. एक फिकट, आजारी माणसाच्या कातडीसारखा, आणि एक झळझळीत पिवळा. मी पिवळा घेतला. मनात म्हटलं, हा माणूस शहाणा दिसतो, हळद लावून ठेवलीय. तो नुसता रंग असतो आणि जाणती माणसं फिकटच घेतात, हे मला नंतर सांगण्यात आलं. एकदा नाही, बऱ्याचदा.

घरी आलो. इंटरनेटवर एका गोऱ्या बाईची पाककृती उघडली. त्यात म्हटलं होतं, मासा दुधात घाला. धुण्याबद्दल एक अक्षर नाही. मला या लोकांची कीव आली. बाजारातून आणलेला मासा न धुता? मी धुतला. पिवळं पाणी निघालं. पुन्हा धुतला, पुन्हा पिवळं. तिसऱ्या पाण्याला जरा निवळलं. धुराचा वास होता तोही बराचसा सिंकमधून गेला, आणि मला ते यशच वाटलं. मग हळद गेली म्हणून हळद लावली. मीठ लावलं. माशाला खारवून मगच धुरी देतात हे माहीत असायला डोळ्याकडे बघणं पुरत नाही, आणि या माशाला तर डोळाही नव्हता. मग माशाचा वशेळा वास राहू नये म्हणून फ्रिजच्या तळाशी असलेली, मागच्या खेपेला गावाहून आणलेली आगळाची बाटली काढली. आई मासा आगळात ठेवायची. किती, ते आठवेना. मी मासा बुडेल इतकं ओतलं.

दुधासाठी पातेलं हवं होतं. माशाचं भांडं लहान पडत होतं. समोर बायकोचं दूध तापवायचं पातेलं होतं, लग्नात मिळालेलं, पुण्याहून आलेलं, ज्यात आजवर दुधाखेरीज काही शिरलेलं नाही. बायको लायब्ररीत गेली होती. मी ते घेतलं. हे वाक्य लिहितानाही मी दाराकडे बघून घेतलं.

दूध उकळलं, मासा सोडला. पहिली दहा सेकंदं छान गेली. मग पातेल्यात हालचाल सुरू झाली. आधी कडेला एक गुलाबी रेघ आली, मग मधे ढग जमले, आणि बघता बघता सगळं दूध फाटून त्याचे गोळे वर आणि करड्या-जांभळ्या रंगाचं पाणी खाली असं झालं. मधे पिवळा मासा. शस्त्रक्रियेच्या वेळी मी भल्याभल्या गोष्टी शांतपणे पाहिल्या आहेत. इथे मी गॅस बंद करून दोन पावलं मागे सरलो.

शहाण्या माणसाने तिथे थांबून सगळं टाकून दिलं असतं. मी दुरुस्ती करायला घेतली. पाणी गाळलं, नवं दूध घातलं, त्यात थोडं आगळ उरलेलंच असल्यामुळे तेही फाटलं. मग घट्ट व्हावं म्हणून कॉर्नफ्लॉवर लावलं. बटाटे वेगळे उकडून कुस्करून घातले. तरी काहीतरी कमी वाटलं म्हणून एक मिरची. शेवटी जे तयार झालं ते घट्ट होतं, एवढं नक्की.

तेवढ्यात बायको आली. तिने आधी पातेलं पाहिलं. मग आतलं पाहिलं. आतलं इतकं भयंकर होतं की पातेल्याबद्दल बोलायचं त्या दिवशी राहून गेलं. मी वाडगा भरायला घेतला तशी ती शांतपणे म्हणाली, "अहो, ती बाई जेवत नाही हे खरं आहे. पण म्हणून तिला शिक्षा करायचं काही कारण नाही."

मी म्हटलं, दिसायला तसं आहे, चव बघ. ती म्हणाली की ती शाकाहारी आहे आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचं समाधान वाटतंय.

तरी मी नेलं. वचन दिलं होतं, आणि शुक्रवार परवावर आला होता. बायको माझ्या मागून आली, साक्षीदार म्हणून. बाई खिडकीपाशी होत्या. मी त्यांच्या मांडीवर टॉवेल पसरला, वाडगा ठेवला, चमचा दिला. बाईंनी वाडग्यात वाकून पाहिलं. मग एक चमचा तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. गिळतायत की नाही हे मी मानेकडे बघून ताडायचा प्रयत्न करत होतो. सवय. अखेर गिळलं.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, कलन स्किंक.

बाईंनी चमचा वाडग्यात उभा केला. तो उभा राहिला.

"मासा धुतलास?"

"तीनदा," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, जरा अभिमानानेच म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना असेल असं मला वाटलं, पण बायकोला एक-दोन शब्द ऐकू आले आणि ती प्रार्थना नव्हती. मग डोळे उघडून त्यांनी वाडगा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"माझी फ्रेम दे."

मला वाटलं, बाथरूम. मी अदबीने बाजूला झालो. पण बाई उठल्या, फ्रेम पुढे टाकत बाथरूमवरून गेल्या, दारापाशी आल्या आणि मी उघडायची वाट बघत थांबल्या. इतक्या आठवड्यांत फिजिओथेरपीवाल्या पोरींनी गोड बोलून जे जमवलं नव्हतं, ते माझ्या एका चमच्याने झालं. जिन्यापाशी थंडी होती. बाई पाऊल टाकत होत्या आणि प्रत्येक पावलागणिक एकेक प्रश्न विचारत होत्या. पाऊल. कोणता मासा आणलास? पाऊल. पिवळा? पाऊल. देवा रे. तेवढे आठ-दहा फूट ओलांडायला आम्हाला चहा उकळेल इतका वेळ लागला आणि तेवढ्यात माझी संपूर्ण उलटतपासणी झाली.

आमच्या स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर बसल्या आणि मला परत मासळीवाल्याकडे पाठवलं. फिकट आण, जाड आण, कातडीसकट आण, आणि येताना त्याला हात लावू नकोस. मी परत आलो तेव्हा दोघी बायका टेबलाशी चहा पीत बसल्या होत्या आणि मी आत शिरताच गप्प झाल्या. त्यावरून विषय काय होता ते कळलं.

मग स्वयंपाक सुरू झाला. म्हणजे बाई सांगत होत्या आणि मी करत होतो. मासा नुसत्या दुधात, धुवायचा नाही, उकळी फुटू द्यायची नाही, दूध थरथरलं की पुरे. काढून ठेव, हाताने तुकडे कर, काटे काढ. त्याच दुधाला आता धुराचा वास लागला होता, आणि खरं सांगतो, नाकाला लगेच पटलं की चव ही होती आणि मी ती सिंकमध्ये ओतली होती. दुसऱ्या पातेल्यात लोणी, त्यात कांदा, तांबूस नाही करायचा, मऊ करायचा. मग बटाटे.

बटाट्यांशी माझं जे काही झालं ते मला थोडक्यात आटपायचंय. नवजात बाळाची शीर मी पहिल्या टोचणीत शोधायचो, अशी माझी इस्पितळात ख्याती होती. त्याच हातांनी मी बटाटा सोलला आणि तो सोलून झाल्यावर लिंबाएवढा उरला. बाईंनी सालं उचलून उजेडात धरली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मान हलवली. मग बाईंनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतः सोलायला बसल्या. बसल्या बसल्या सहा बटाटे. बोटं वाकडी झालेली, पण साल कागदासारखी, अखंड.

बटाटे कांद्यावर, पाणी, शिजले की अर्धे कुस्करायचे, मग ते धुराचं दूध, मिरी. माशाचं दूध आत जायच्या आधी बायकोने आपल्यापुरतं एका वाडग्यात काढून घेतलं, त्यात साधं दूध घातलं, चाखलं आणि मराठीत मला म्हणाली की हे तापातून उठलेल्या माणसाला द्यायचं खाणं आहे, हिने जन्मभर हे खाल्लं तर हिला खिचडी का आवडली नाही कळत नाही. मग तिने वर ठेचा घालून ते संपवलं.

मासा आत गेला. बाईंनी एक वाडगा खाल्ला. खिडकीकडे पाहिलं नाही, वाकून खाल्ला. मग वाडगा पुढे केला. दुसरा खाल्ला. मीही खाल्लं. दुधात मासा, तोही दुधासकट, वाडगाभर. इतकं सुंदर काही मी बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या आधी मी आरशासमोर पोट तपासलं, हे बायकोला माहीत नाही.

त्या शुक्रवारी काटा जिथल्या तिथे होता. उतरला नाही एवढंच, पण उतरला नाही. आता राहिला दुसरा शुक्रवार. तोवर बाई रोज दुपारी फ्रेम टाकत यायला लागल्या. त्या माझ्यावर देखरेख करायला येत होत्या. मी चुकलो नाही तर त्यांचा मूड जायचा, त्यामुळे मी चुकायची काळजी घेत होतो, पण त्याची गरज नसायची. एकदा मी दूध उतू घालवलं, एकदा मिरीऐवजी मोहरी घातली. बाई चिडायच्या, सुरी हिसकून घ्यायच्या आणि चिडल्या की त्यांना भूक लागायची. सीगल दोन-तीन दिवस भिंतीवर येऊन बसला आणि मग त्याने दुसरं घर धरलं.

दुसऱ्या शुक्रवारी काटा वर होता. फार नाही. नर्सने दोनदा वजन केलं आणि वहीत लिहिलं.

सहाला मुलाचा फोन आला तेव्हा बाई आमच्याच स्वयंपाकघरात होत्या. ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो. त्याला नर्सकडून कळलं होतं, आनंद झाला होता, पण तो शहाणा माणूस आहे. म्हणाला, आई, बरं वाटलं, पण एका शुक्रवारचं काय. ती खोली ते लोक सोमवारपर्यंतच धरून ठेवणार आहेत. पुन्हा अशी मिळेल न मिळेल. आणि तू तिथे एकटी. मी त्यांना काय सांगू?

बायकोचा हात ओट्यावर तसाच थांबला. मी सिंकपाशी पाठमोरा होतो, बटाटा सोलत होतो, आणि माझ्या मते बरा सोलत होतो. पाठीवर नजर जाणवली म्हणून वळलो. बाई माझ्या हातातल्या बटाट्याकडे बघत होत्या. मग फोनकडे वाकल्या आणि आपल्या लेकाला स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"ती खोली देऊन टाक कोणाला तरी. इथे समोर एक डॉक्टर राहतो, साठी उलटली तरी त्याला बटाटा सोलता येत नाही. त्याला असा टाकून मी कुठे येऊ?"